आक्के, पातळ मी अडवून धरलं होतं

आक्के, तुझ्या मातीला आलेल्या माणसांनी तुझ्या भावाला त्या दिवशी काय काय म्हटलं ते तू ऐकलं असतंस, तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. "सख्खी बहीण दारात पडलीया, आन् ह्यो बाबा पातळ काखेत मारून हुबा!" कुणी म्हणालं, प्यायलाय. कुणी म्हणालं, जमिनीचं काहीतरी राहिलं असणार, ते आत्ता उकरून काढतोय. तुझ्या नणंदेनं, आत्याबाईंनी, तर सरळ माझ्या हातातली पिशवी ओढली. मी सोडली नाही. साठी ओलांडलेल्या आत्याबाई आणि पन्नाशीकडं निघालेला मी, विट्यात, भर अंगणात, हिरव्या पातळासाठी ओढाओढ करत होतो. बायका बघत होत्या, गडी माणसं बघत होती. मला लाज वाटायला पाहिजे होती म्हणे. वाटली नाही. अजूनही वाटत नाही.

आपल्याकडं सवाष्ण बाई गेली की माहेरचं पातळ अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत, हे तूच मला शिकवलंस. आई गेली तेव्हा मामाची गाडी येईपर्यंत आपण दुपारभर थांबलो होतो, आठवतंय? आता आई नाही, आण्णा नाहीत, म्हणजे तुझं माहेर म्हणून उरलो मी एकटा. माझ्या पातळाशिवाय तुला कुणी हलवू शकत नव्हतं. आणि मला तू हलायला पाहिजे होतीस, अगदी लगेच, पण स्मशानाकडं नाही. आधी मिरजेकडं.

सकाळी मी पाळीवर निघालो होतो. पॉवर हाऊसची गाडी कॉलनीच्या कोपऱ्यावर थांबलेली, आणि रूपालीचा फोन आला. "मामा, आई गेली." मी विचारलं, कधी? म्हणाली, आत्ताच, उजाडताना. लोक असं ऐकल्यावर रडतात, खाली बसतात. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "डॉक्टर मॅडमना फोन केलास का?" पलीकडं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग हळू म्हणाली, "पप्पा नको म्हणत्यात. आत्याबाईंनी पाहुण्यांना कळवलंय. तुमी पातळ घेऊन या, लगेच उचलायचं म्हणत्यात." तिथंच माझं डोकं फिरलं. तुझ्यासाठी रडायचं राहूनच गेलं, आक्के. ते अजून राहिलंय.

कोयनेहून पाटणपर्यंतची ती वळणं मी कशी काढली मला माहीत नाही. कराडात एका दुकानाचं शटर अर्धं वर होतं, वाकून आत शिरलो आणि म्हटलं हिरवं पातळ द्या. दुकानदार ओळखून गेला, काही न विचारता एक पुढं केलं. तू असतीस तर त्याला अर्धं दुकान उचकायला लावलं असतंस, आणि शेवटी पहिलंच घेतलं असतंस. मी पहिलंच घेतलं. गाडीत बसल्यावर बघतो तर काठ पिवळा. तुला पिवळा काठ चालायचा नाही. तेजाबानं आण्णांची बोटं पिवळी पडलेली असायची, धुऊन जायची नाहीत, तेव्हापासून तो रंगच तुझ्या मनातून उतरला होता. पण परत फिरायला वेळ कुणाला होता?

ते पिवळं सगळं सेलमचं. आपल्या तालुक्यातली निम्मी गडी माणसं जशी देशभर गलाईची दुकानं टाकून बसली, तसे आण्णा तिकडं तामिळनाडूत, सेलमला बसले. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे कडक ॲसिडात, टाकायचं, त्यातलं हिणकस जाळून चोख सोनं हातावर ठेवायचं. तेजाब ओतलं की तांबूस धूर उठायचा आणि घशात खवखवायचं. आपल्या घराण्यात थोरल्या चुलत्यांचं डोकं पन्नाशीच्या आत गेलं, मग आण्णांचं. गावानं त्याला नावही ठेवलं होतं. अमका धुरकटला, म्हणायचे. धूर डोक्यात बसला की माणूस धुरकटतो, एवढं सरळ होतं ते. एकदा आण्णा दुकानाला कुलूप घालून शेजारच्या पायरीवर बसले होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, हे दुकान कधी उघडतंय हो? स्वतःचंच दुकान. आपण दोघं त्यांना उठवायला गेलो होतो.

आण्णा गेले आणि मी दुकानात बसायला लागलो. विशीतला पोरगा, हातात सांडशी, समोर भट्टी, मला वाटायचं मी राजा. तू दाजींबरोबर पलीकडच्याच गल्लीत राहायचीस. एके दिवशी सकाळी तू दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आलीस. आत नाही. आत तू कधीच पाऊल टाकलं नाहीस, त्या धुराची तुला एवढी चीड. उंबऱ्यातून म्हणालीस, "इलास, ऊठ."

"कुठं?"

"कराडला. आयटीआयला नाव घालायचं तुझं."

"आन् दुकान?"

"दुकानाला लाव काडी. ऊठ म्हन्ते न्हवं!"

तू मला कराडला आणून सोडलंस, आणि मी कोयनेच्या पॉवर हाऊसला लागलो. त्यावरून आपण जेवढं भांडलो तेवढे वैरीही भांडत नसतील. दर भाऊबीजेला ताट समोर आलं की मी सुरू. "माझ्याबरोबरच्या पोरांनी विट्यात बंगले ठोकले, आन् मी सरकारी क्वार्टरात बसलोय, तुझ्यापायी." तू ओवाळता ओवाळता म्हणायचीस, "बंगल्यात बसून पोरांची नावं इसरत्यात ती. तू निदान मला वळखतोस." आणि दाजी, तुझा नवरा, पाटावरून हसून म्हणायचे, "धूरबीर काय नसतंय वो पाव्हणं. हिच्या म्हायेरचीच डोकी कच्ची." मग तुझा मोर्चा दाजींकडं वळायचा. "माझ्या म्हायेराचं डोकं काढू नका. आदी ती गलाई सोडा. एकदा तरी म्हना, व्हय, धुरानं हुतंय म्हनून." दाजी कधी म्हणाले नाहीत. मीही कधी मान्य केलं नाही की तू मला वाचवलंस. तू दोघांकडूनही हरत गेलीस आणि दरवर्षी तेवढ्याच जोरात भांडत राहिलीस.

आणि मग तूच विसरायला लागलीस. पन्नाशी गाठायच्या आत. दाजींनी गलाई विकून तुला विट्याला आणलं, तर तू दारावरच्या भाजीवालीशी तमिळमध्ये घासाघीस करायला लागलीस. ती बिचारी "काय म्हणता काकी?" करत उभी. आपण हसलो. पुढं रूपालीचा नवरा कोण ते तुला सांगावं लागलं, तेव्हा हसायचं थांबलो. एकदा तुला महिनाभर कोयनेला आणलं होतं. एका दुपारी धरणी हलली, भांडी वाजली, कॉलनी अंगणात आली. आम्हाला सवय आहे, आम्ही बाहेर येऊन गप्पा मारत उभे राहतो. तू तेवढी आत पलंगावर बसून होतीस. मी ओढून बाहेर आणली तर म्हणालीस, "धरणी हालली व्हय? मला वाटलं माजंच डोस्कं हाललं." सगळी कॉलनी हसली, आणि मी मागल्या दारी जाऊन तोंड धुऊन आलो.

तुला काय झालंय ते कुणालाच उलगडेना. तू तर गलाईत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतंस. मग गावानं त्यावरही तोडगा काढला. नवऱ्याची कापडं धुतली ना तिनं इतकी वर्षं, त्यातून लागला धूर! दाजींच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण ते त्यांच्या कानावर पडल्याशिवाय राहिलं नसणार. तेव्हापासून दाजी बदलले. तुला भरवणं, तुझी वेणी घालणं, तुझी लुगडी स्वतः धुणं, सगळं ते करायला लागले. मी म्हणायचो, दाजी लय सुधारले. मला वेड्याला कळलंच नाही, माणूस आतून पोखरला होता.

सांगलीच्या मॅडमकडं आपण गेलो तेव्हा तुझं बरंच शाबूत होतं. मॅडमनी तुझं रक्त बाहेर पाठवलं, आणि अहवाल आल्यावर आपल्या चौघांना समोर बसवून सांगितलं. मेंदूच्या प्रत्येक पेशीत एक मोठं प्रथिन बनतं, सगळ्यांच्याच बनतं. त्याचे तुकडे पडतात. त्यातला एक तुकडा चिकट असतो, त्याला अमायलॉइड म्हणतात. तो रोजच्या रोज झाडून काढला जातो. माल जास्त आला किंवा झाडलोट कमी पडली, की तो साचतो, त्याची ढेकळं होतात आणि आजूबाजूच्या पेशी मरायला लागतात. ते प्रथिन कसं बनवायचं हे सांगणारा तुझा जनुक ठीक होता. पण तो जनुक किती चालवायचा, हे ठरवणाऱ्या त्याच्या शेजारच्या भागात एक बदल होता. असा बदल आधी कुणी नोंदलेला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "हा बदल दोषी असेल, किंवा अगदी निरुपद्रवीही असेल. आज मला सांगता येत नाही."

तू म्हणालीस, "म्हंजे भाकरी तीच. पर थापनारी थांबंना."

मॅडम हसल्या. "अगदी बरोबर. पण ती खरंच थांबत नाहीये का, हे बघायला चुलीपाशी जावं लागतं. रक्तात ते दिसत नाही."

"चूल म्हंजे माजं डोस्कं."

मॅडमनी अहवाल मिटून ठेवला. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं, की ते जिवंतपणी करता येत नाही. गेल्यानंतर घरच्यांनी मेंदू दिला, तरच. आणि तोही लगेच. जनुक पेशीला कामाच्या चिठ्ठ्या पाठवत असतो, त्या चिठ्ठ्या किती होत्या हे मोजायचं असतं, आणि माणूस गेला की तासातासानं त्या विरायला लागतात. थंडगार पेटीत घालून मोठ्या संस्थेकडं पोचवायचं. दाजी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. तू मात्र जागची हलली नाहीस. तू विचारलंस, "मॅडम, ह्यो बदल आमच्या आण्णाकडनं आला आसंल, तर माझ्या भावात बी आसंल?" मॅडम म्हणाल्या, "शक्यता निम्मी. तुमच्या मुलीच्या बाबतीतही तेवढीच." तू रूपालीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस. "मग घ्या माजं डोस्कं. इलास, त्या दिशी उशीर करू नगंस."

मी आणि रूपालीनं तेव्हा रक्त दिलं नाही. बदल आहे का नाही एवढंच कळणार, आणि तो बदल मारतो का सोडतो हेच माहीत नाही, तर कळून तरी करायचं काय? रूपालीनं आणि तिच्या नवऱ्यानं इस्लामपुरात संसार मांडला, पण मूल लांबवत राहिले. माणसं टोमणे मारायची, ती गप्प बसायची. ती तुझ्या डोक्याची वाट बघत होती, आक्के. आईचं डोकं मिळायची वाट बघायची म्हणजे कसली वाट बघायची, हे तिला कळत होतं. हे पोरीनं कसं सोसलं असेल सांग.

तर असा मी अंगणात उभा होतो. आत्याबाई म्हणत होत्या, "दे बाबा पातळ, खोळंबा हुतोय. सवाष्णीला आशी किती येळ ठेवायची?" मी म्हटलं, "आधी मिरज, मग पातळ." झालं, आग्या मोहोळच उठलं. "सवाष्णीचं कपाळ फोडायचं? मग मळवट कुठं भरायचा? डॉक्टरच्या टेबलावर?" मी सांगत होतो की मॅडमशी वाटेत बोललोय, कापणार मागच्या बाजूनं, केसांच्या आत, कपाळाला हात लागणार नाही. ऐकतंय कोण! ऊन वर चढत होतं. मला सारख्या त्या चिठ्ठ्या दिसत होत्या, एकेक विरताना.

दाजींनी माझा दंड धरला आणि मागल्या दारी, हौदापाशी नेलं. मला वाटलं मारतात आता. दाजी हात जोडून उभे राहिले.

"पाव्हणं, आवं पातळ द्या. पाया पडतो तुमच्या. सगळं गेलं वो तिचं. मानसांची नावं गेली, गाव गेलं, मी कोन ते बी गेलं. आता डोस्कं तरी ऱ्हाऊ द्या तिचं तिच्यापाशी."

हे ऐकून माझं पाणी व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. मी म्हटलं, "दाजी, डोस्कं तिचं हाय. तुमचं न्हाई. ती तुमच्यासमोर बोलली. तवा तुमी खिडकीतनं भाईर बघत हुता, पर कान हुतं न्हवं?"

दाजी हौदाच्या कठड्यावर बसले. हाताची बोटं बघत बसले. गलाई सोडून एवढी वर्षं झाली, तरी नखांच्या कडेला अजून पिवळं आहे त्यांच्या. एक नख खरवडत म्हणाले, "आन् त्यात तेजाब निघालं तर?"

मला आधी कळलंच नाही.

"तिच्या डोस्क्यात माझा धूर निघाला तर, इलास? माझी कापडं धुतली तिनं. सांगत हुती, गलाई सोडा, गलाई सोडा. मी हसलो. त्या म्याडम फोन करून सांगतील, की तुमीच मारलीसा म्हनून. मंग मी कुठं जाऊ? त्यापरीस तिला जाऊ द्या तशीच. काय कळाया नगं आन् काय न्हाई."

आक्के, त्या क्षणाला मला तुझ्या नवऱ्याचा राग यावा का दया, ते ठरवता येईना. मी आयुष्यभर तुझ्याशी भांडलो की धूर हे खूळ आहे. आणि आता हौदापाशी उभा राहून मला उलटंच वाटत होतं, की धूरच असू दे. धूर असला तर तू मला सेलममधून ओढून काढून खरंच वाचवलंस, रूपाली मोकळी, मी मोकळा. पण मग हा समोर बसलेला माणूस जन्मभर जळणार. आणि धूर नसला, तर दाजी मोकळे, आणि ते आपल्या घरातलं, आण्णांचं, तुझं. म्हणजे कदाचित माझं, आणि रूपालीचं. एकाला सोडवायचं तर दुसरा अडकतो. मी तुझ्यासाठी भांडत होतो का माझ्याच गळ्यातला फास बघायला निघालो होतो?

तरी मी म्हटलं, "निघालं तर निघालं, दाजी. पर न्हाई निघालं, तर ते माझ्या घरातलं. मग ते माझ्यात आसंल, तुमच्या पोरीत आसंल. आमी दोघं ते ऐकाया तयार हाय. आन् तुमी धुराला भ्याला?"

लागट बोललो. मुद्दाम बोललो. एवढ्यात रूपाली मागल्या दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं, तोंडावरून कळत होतं. ती रडत नव्हती. "पप्पा," म्हणाली, "मला पोर होऊ द्यायचं का न्हाई, ते मला ठरवायचंय. आईनं माझ्यासाठी सांगून ठेवलंय. गाडी मी मघाशीच बोलावली. रस्त्यावर उभी हाय." आम्ही अंगणात पातळ ओढत होतो तेव्हा पोरीनं गाडी बोलावली होती! तुझीच लेक, दुसरी कुणाची.

दाजी उठले. हौदातलं पाणी तोंडावर मारलं. "मी बसतो गाडीत तिच्याजवळ," एवढंच म्हणाले.

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही बाहेर थांबलो. पातळाची पिशवी माझ्या मांडीवर होती. दाजींनी चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत हातात धरून बसले. मॅडम स्वतः आल्या होत्या सांगलीहून. आत काय चाललंय याचा विचार करायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि दुसरा कसलाच विचार येत नव्हता. ज्या डोक्यानं तू मला ओळखायचीस, रागवायचीस, माझ्या आवडीची आमटी लक्षात ठेवायचीस, ते बर्फाच्या पेटीतून निघालं आणि एका गाडीत बसून गेलं. आम्ही तिघं त्या गाडीकडं बघत उभे राहिलो. रूपालीनं हात जोडले, म्हणून मीही जोडले. मॅडम म्हणाल्या, "वेळेत झालं." मला तेवढंच ऐकायचं होतं. उशीर केला नाही, आक्के.

परत विट्याला आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अंगणात कुणी माझ्याशी बोलेना. आत्याबाई पुढं झाल्या, तुझ्या कपाळावरून हात फिरवला, भुवईपासून भांगापर्यंत. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी दोन्ही मुठी कुंकवानं भरल्या आणि तुझा मळवट भरला, असा, की नवी नवरी दिसलीस. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दे आता मेल्या पातळ." मी दिलं. तुझ्या अंगावर घालताना पिवळा काठ मी आत दुमडला. तुला दिसू नये म्हणून. वेडेपणा आहे, पण दुमडला.

काल तुझं मासिक श्राद्ध झालं. तुझ्या आवडीचं सगळं केलं होतं रूपालीनं. पहिली पंगत बसली होती, तोवर मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, घरात कार्य आहे का, नंतर करते. रूपाली म्हणाली, "नको मॅडम, आत्ताच सांगा, सगळे आहेत." तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकून मधोमध पाटावर ठेवला. तिच्या दुसऱ्या हातात आमटीचा डाव होता, तो तसाच.

दाजींनी जेवण थांबवून विचारलं, "म्याडम, धूर हाय का?"

"धुराचा यात काही संबंध दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "अमायलॉइड खूप साचलेलं आहे. आणि पेशींमध्ये तो जनुक नेहमीपेक्षा बराच जास्त चालू होता, असं पहिल्या मोजणीत दिसतंय. अजून तपासण्या बाकी आहेत. पण माझं मत विचाराल, तर तो बदलच कारण आहे. हे घराण्यातून आलेलं आहे."

दाजींनी दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि हंबरडा फोडला. तू गेलीस त्या दिवशी हा माणूस रडला नव्हता. "सुटलो," म्हणत होते, "सुटलो गं आई." आत्याबाई त्यांची पाठ चोळत होत्या. पंगतीतल्या माणसांना वाटलं, बायकोच्या आठवणीनं रडतायत, तीही डोळे पुसायला लागली.

आपलं भांडण संपलं, आक्के. मी म्हणत होतो तेच खरं निघालं, धूर हे खूळच होतं. एवढं वाईट मी कधीच जिंकलो नव्हतो. आणि एक सांगतो, दर भाऊबीजेला गिळलं ते. तू मला उंबऱ्यातून हाक मारलीस, तो धूर खोटा असेल, पण ती हाक खरी होती. माझ्यासाठी एवढ्या जोरात ओरडणारं दुसरं कुणी झालं नाही. त्या हाकेवर मी माझं सगळं आयुष्य जगलो, आणि चांगलं जगलो.

फोनमधून मॅडमनी हळू विचारलं, "विलासराव, रूपाली, तुम्ही दोघं रक्त द्यायला कधी येता?" मी रूपालीकडं बघितलं. तिनं डाव पातेल्यात ठेवला. मी म्हटलं, "उद्या येतो." रूपाली म्हणाली, "दोघं येतो."

आणि दाजींचं रडणं थांबलं. एकदम. त्यांनी तोंडावरचे हात काढले. पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत पोरीकडं. मॅडम काय म्हणाल्या होत्या ते त्यांना आत्ता कळलं. भरल्या ताटावरून तसेच उठले, उष्ट्या हातानं पाटावरचा फोन उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"म्याडम, आवं नीट बगा की परत. धूरच आसंल त्यो. लय धूर हुता वो माझ्या कापडांस्नी. माझाच आसंल."

सेलमपासून तू त्यांच्या तोंडून हेच ऐकायला बसली होतीस, आक्के.